वाघळांचा शिमगा

आमच्या घराच्या आढ्याला वाघळं होती. वडावर उलटी लटकतात ती मोठी नव्हेत. ही लहान, मुठीत मावतील एवढी, उंदराच्या तोंडाची. कधी आली ते कुणाला ठाऊक नव्हतं. आई लग्न होऊन आली तेव्हा होती, म्हणजे घराइतकीच जुनी म्हणायची. दिवसभर माळ्यावर त्यांची चिकचिक चालायची, पलीकडच्या खोलीत बायकांची कुजबुज चालावी आणि आपण गेलं की थांबावी तशी. तिन्हीसांजेला आई तुळशीपुढं दिवा लावायला बाहेर आली की पूर्वेच्या कोपऱ्यातल्या एका उचललेल्या कौलाखालून ती एकामागून एक बाहेर पडायची, फाटक्या पोत्यातून भात गळावं तशी. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मान वर करून बघत राहायची. सकाळी माळ्याच्या फळ्यांवर काळ्या लेंड्या पडलेल्या असायच्या. आई त्या झाडून मिरचीच्या रोपांना घालायची, आणि आमच्या मिरच्या अशा जहाल व्हायच्या की आत्या म्हणायची, "ही मिरची नाय गो, ही तुझी जीभ हाय." आईला जीभ नव्हतीच. जी काय होती ती आत्याला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती घराची मालकीण होऊनच. बाबांना आणि काकाला तिनं कडेवर वाढवलेलं, त्यामुळे दोघेही मिशीवाले बापे तिच्यापुढं पोरंच. बाबा शेती बघायचे आणि तोंडातून शब्द मोजून काढायचे. काका मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. त्याची बायको, शेवंता काकी, आमच्यात राहायची, आणि मी तिच्या गोधडीत झोपायची. आईबापाला मी एकटी, काकीला कुणीच नाही. तिला मूल व्हायचं ते मुंबईच्या पत्रावर थोडंच होणार, पण हा हिशोब आत्याला कुणी सांगायचा?

काकी हाडानं काटक होती आणि भारी गमती. शिमग्याच्या आधी काजूचा मोसम. ओल्या बिया फोडताना बोटांना चीक लागून कातडी सोलून निघते, म्हणून ती हाताला राख चोळून बसायची आणि काम करता करता तात्या मानकऱ्याची नक्कल करायची. आमच्या गावात देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान ह्या तात्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवीला उभ्यानं, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत सांगायचं, हे असं आहे, हे असं कर. एकेक वाक्य झालं की जमलेल्या बाप्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की ते पक्कं झालं, देवी बांधली गेली आणि माणसंही. काकी घसा खरवडून म्हणायची, "बा देवी म्हाराजा! ह्या सुलीचा शेंबूड चैत्राच्या आत जाऊ दे म्हाराजा!" आणि मी बिया फोडता फोडता ओरडायची, "व्हय म्हाराजा!" "हिला नवरा मिळंल त्याला डोक्यावर केस असू देत म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आत्यानं ऐकलं की आतून ओरडायची, "बायकांनी गाऱ्हाणं घालू नये, जीभ झडंल!" मग आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून हसायचो. त्या काजूची उसळ, वर ओलं खोबरं, बरोबर तांदळाची भाकरी. आता माझी सून बाजारातून सोललेले काजू आणते, पिशवीतले. चव काय, बरी असते. पण बोटं सोलल्याशिवाय त्या उसळीला चव येत नाही, असं माझं आपलं मत.

काका आला की घरात आधी त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा, मग खजूर, मग मार. लिहायला लाज कसली, घरोघरी होतं ते. काही कारण लागत नसे. भात जरा चिकट झाला, सदरा वाळला नाही, बघते कशी. मागच्या पडवीत काकीच्या बांगड्या फुटायच्या तो आवाज अजून कानात आहे, काचेचा एवढासा आवाज आणि मग काहीच नाही. काकी ओरडायची नाही. आई चुलीत उगाच फुंकर घालत बसायची आणि बाबा गोठ्यात जायचे. आमच्या गोठ्याएवढा निगुतीनं झाडलेला गोठा गावात दुसरा नव्हता.

त्या वर्षी शिमग्याला देवीची पालखी आमच्या घरी यायची होती ती नेमकी तिन्हीसांजेची. आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो, आणि वरून फळीच्या फटीतून एक लेंडी काकाच्या कढीत पडली. टप्प. काकानं वाटी बघितली, मग वर बघितलं, मग काकीकडं. जशी काही तिनंच टाकली.

आत्या त्या क्षणाची वाटच बघत होती बहुतेक. म्हणाली, "बघतोस काय? वाघळं कुठं राहतात? ओसाड घरात. आपलं घर भरलेलं होतं तोवर गपगुमान होती. आता ओस पडायला लागलं तशी माजली."

"आक्का, जेवू दे," बाबा म्हणाले.

"जेव की! वंश बुडला तरी जेव. तुला एक मुलगी, ह्याला तेवढंही नाय." मग भाताचा घास कालवत, बाजारहाटाचं सांगावं तसं आत्यानं सांगितलं, "मी तात्यांच्या कानावर घातलंय. उद्या पालखी ओटीवर बसली की ते गाऱ्हाणं घालतील. नाटे गावची मुलगी हाय, बापाची होडी हाय. देवीपुढं व्हय म्हाराजा झालं की वैशाखात लगीन. शेवंतानं राहायचं तर राहावं, नायतर तिच्या बापाचं घर कुठं गेलं नाय."

काकी वाढत होती. डाव भाताच्या टोपात तसाच उभा राहिला. तिच्या बापाचं घर म्हणजे भाऊ-भावजय आणि गळकी पडवी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकानं कढीतली लेंडी बोटानं काढून भिंतीवर फेकली आणि म्हणाला, "देवी यायच्या आधी एकपण ठेवत नाय."

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्याबरोबर काका कामाला लागला. काजूच्या टरफलांचा धूर तुम्ही पाहिलाय का कधी? काळाकुट्ट, तेलकट, घशाला चिमट्यानं धरतो, आणि जळताना तेल उडालं तर कातडीला फोड येतो. काकानं घमेल्यात निखारे घेतले, त्यावर टरफलं आणि मूठभर सुक्या मिरच्या, आणि ते माळ्यावर नेऊन ठेवून वरचं झाकण लावून घेतलं. आम्ही सगळे ओटीवर. पहिल्यांदा काही नाही. मग चिकचिक सुरू झाली, मग ती वाढली, आणि मग असा आवाज आला की तसा मी पुढं आयुष्यात ऐकला नाही. तव्यावर ओलं कापड दाबून धरावं तसा, आणि थांबेचना. मी कानांवर हात ठेवले. कौलांच्या फटींतून धूर आणि त्याबरोबर वाघळं बाहेर पडायला लागली. उन्हानं आंधळी झालेली, भिंतीवर आपटत, खळ्यात पडत. काका नारळाच्या झावळीचा दांडा घेऊन उभाच होता.

त्याला त्यात मजा येत होती, हे मी आजही सांगेन. एकेक घाव घालताना तो हूं करायचा. हवेतच हाणायचा, मग पडल्यावर पुन्हा. शेणानं सारवलेल्या खळ्यावर लहान लहान ओले डाग. चुन्याच्या भिंतीवर पंख्यासारखे लाल फरांटे, आईनं शिमग्यासाठी परवाच भिंत पांढरी केली होती. शेजारचे बापे गडग्यावर, आमच्या दगडी कुंपणावर, येऊन बसले, "तो बघ, तो बघ, डावीकडं!" म्हणून ओरडायला लागले, आणि कुणीतरी शिमग्याची बोंब मारली. मग सगळ्यांनीच. तोंडावर उलटा हात आणि बोंब. आत्या ओटीवरून बोट दाखवत होती, "ते हलतंय. चेच त्याला. ते पण चेच." धूर निवल्यावर काका माळ्यावर चढला, वासे बडवले, आणि वरून मेलेली, अर्धमेली वाघळं झाकणातून खाली ढकलली. ओटीवर ढीग झाला. त्यातली काही अजून हात पसरल्यासारखे पंख पसरत होती. वाघळाचा पंख म्हणजे हातच असतो, बोटं असतात त्यात. ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"ए, उचल हे," काका काकीला म्हणाला.

काकीनं टोपली घेतली आणि खाली बसून एकेक उचलायला लागली. एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, शेंगदाण्याएवढं, बिनकेसांचं. मादी मेली होती, पिल्लू चोखत होतं. काकीचा हात थांबला.

"काय बघतेस? माहेर आठवलं?" काका हसला. "टाक चेचून."

"पालखी यायचीय," काकी म्हणाली. "आज कशाला? जीव हाय त्यात."

काकानं हातातल्या त्याच दांड्यानं तिच्या पाठीत हाणलं. तोच दांडा, तसाच हूं. टोपली उलटली. मग त्यानं पाय पुढं करून टाचेनं ते पिल्लू चिरडलं आणि फरशीला टाच पुसली. गडग्यावरच्या बाप्यांतला एकजण खोकला, मग सगळे पांगले. काकीनं पुन्हा सगळं भरलं, माडाच्या मुळाशी खड्डा केला, आणि मी तिला माती लोटायला गेले. मला म्हणाली, "जा बाय, आंघोळ कर. आज देवी यायची." तिचा आवाज अगदी रोजचा होता. मला त्याचीच भीती वाटली.

दुपारी काका छपरावर चढला. कौलारू छपरावर उजेडातच चढता येतं, अंधारात पाय पडला तर माणूस घरात. त्यामुळे फटी बुजवायच्या त्या दुपारीच. मातीत भुसा कालवून त्यानं एकेक भोक लिंपून काढलं, पूर्वेच्या कोपऱ्यातलं उचललेलं कौलही दाबून बसवलं. वर चिकचिक नव्हती म्हणजे सगळी मेली, असं त्याला वाटलं, आम्हालाही वाटलं. आता कळतं, आढ्याच्या सांध्यात, जिथं माणसाचं बोट जात नाही, तिथं कितीतरी श्वास धरून बसली होती. त्यांना काकानं आत कोंडलं. धुराचा वास निघून जावा म्हणून माळ्याचं झाकण मात्र उघडं ठेवलं.

सूर्य समुद्रात टेकला आणि ढोल ऐकू यायला लागले. पालखी नाचवत नाचवत खळ्यात आली. सगळं गाव मागे. गॅसबत्ती, गुलाल, निशाणाची काठी. आईनं पाय धुतले, ओवाळलं, आणि पालखी ओटीवर पाटावर बसली, बरोबर माळ्याच्या झाकणाखाली, कारण मानाची जागा तीच. देवीचा चांदीचा मुखवटा, हिरवी साडी, अबोलीचे गजरे. ढोल ओटीवर आले आणि असे वाजले की माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. वरून माती झडायला लागली. मी एकदा वर बघितलं. ढोलातही मला ती चिकचिक ऐकू आली होती. पण बोलणार कुणाला?

तात्यांनी हात वर केला, ढोल थांबले. बायका माजघराच्या दारात, काकी सगळ्यांच्या मागे, नव्या साडीत. तात्या लहानसेच, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. "बा देवी म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी हायत म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या घरातली इडापिडा भायेर काढ म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या घराला वंश नाय, म्हणून तुझा हा लेक दुसरा..."

आणि वरून अंधार पडला. दुसरा शब्दच नाही मला. झाकणातून सगळी एकदम खाली आली. बाहेर जायची त्यांची वेळ झाली होती आणि वाट एवढीच उरली होती. माणसांच्या तोंडावर, फेट्यात, ढोलावर ती आपटत होती, आणि ढोल आपोआप वाजत होता. बायका किंचाळल्या. गॅसबत्तीवर झडप पडली, काच तडकली, फक्त समयांचा उजेड राहिला. बाप्यांनी काठ्या घेतल्या आणि दिसेल त्याला हाणायला सुरुवात केली. कुणाची काठी कुणाच्या नाकावर, कुणाच्या गुडघ्यावर. शेजारच्या बाप्याचे दात रक्तानं भरलेले मी बघितले. "मेल्या, मी हाय, मी!" म्हणून बाबा ओरडत होते, तेवढ्या मोठ्यानं ते आयुष्यात ओरडले नव्हते. आत्या जेवायचा एक पाट डोक्यावर धरून बसली होती.

एक वाघूळ देवीच्या साडीला जाऊन चिकटलं. छातीशी, गजऱ्यांच्या खाली, पोर बिलगतं तसं.

काकानं ते बघितलं. त्याच्या डोळ्यांत सकाळपासूनचं सगळं उतरलं होतं. समोर देवी आहे हे त्याला दिसतच नसावं. त्यानं काठी दोन्ही हातांनी वर नेली. तात्या ओरडले, "अरे देवी! देवी हाय!" पण काठी निघालेली होती. माझ्या अंगावरून काकी गेली, तिचा पदर माझ्या तोंडाला लागला, आणि ती पालखीवर आडवी झाली. काठी तिच्या डोक्यावर बसली. नारळ फुटतो तसा आवाज. तेवढ्या गोंधळात तो सगळ्यांना ऐकू आला, कारण सगळे एकदम थांबले. वाघळंही तोवर दारातून खळ्यात आणि खळ्यातून आभाळात निघून गेली होती.

काकी हळूहळू उठली. भांगातून रक्त कपाळावर, नाकावरून हनुवटीवर. तिनं देवीच्या साडीवरून ते वाघूळ अलगद सोडवलं, ओंजळीत धरलं आणि दाराशी जाऊन सोडून दिलं. मग परत येऊन पालखीसमोर उभी राहिली. मला वाटलं पडणार. ती बोलली, आणि आवाज काजू फोडतानाचाच, घसा खरवडलेला:

"बा देवी म्हाराजा! तुझ्या अंगावर येणारी काठी मी माझ्या डोक्यावर घेतली म्हाराजा!"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!" एकटीचं, चिरकं. आत्यानं पाटाखालून डोकं काढलं. पण ते खरंच होतं ना? सगळ्यांनी बघितलं होतं. तात्यांनी मान हलवली आणि बापे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

काकी थांबली नाही. तात्या घेतात त्याच चालीत, तेवढाच श्वास घेऊन, "ह्यापुढं जो माझ्यावर हात उचलील, त्याचा तो हात खांद्यापासून लुळा पडू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या चुलीपुढं जो दुसरी बाईल आणून बसवील, त्याचं आढं मोडून त्याच्याच डोक्यावर पडू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावाच्या गळ्याला सवय होती. पिढ्यान् पिढ्यांची. वाक्य त्या सुरात संपलं की तोंड उघडायचं. सगळे बापे म्हणाले, बाबा म्हणाले, मोठ्यानं, आणि खोटं सांगत नाही, काकाचेसुद्धा ओठ हलले. मग आपण म्हटलं काय ते सगळ्यांना हळूहळू कळत गेलं. आत्या तात्यांना म्हणाली, "अहो, हे कसलं गाऱ्हाणं? बायकांचं धरत नाय देवी!"

तात्यांनी पालखीच्या दांड्यावरचं रक्त बघितलं, आपल्या उपरण्यानं पुसलं, आणि ते उपरणं घडी करून पिशवीत ठेवलं. म्हणाले, "बाईनं घातलं असंल. व्हय आम्ही म्हटलाव. आता ते कुणी गिळायचं?" आणि पालखी उचलायला सांगितली.

आईनं काकीच्या डोक्यात हळद भरली. जखम भरली पण तिथं केस आले नाहीत. पुढं जन्मभर काकीचा भांग त्या जागेला वळसा घालून जायचा, वाकडा, ओढ्यासारखा. परवा माझ्या नातीनं मोबाईलमध्ये तिचा जुना फोटो बघितला आणि विचारलं, "ह्या आजीनं भांग असा वाकडा का पाडलाय? तेव्हाची फॅशन होती?" म्हटलं, "व्हय बाय, फॅशन. एकटीचीच." त्या पोरीसाठीच हे लिहायला घेतलं खरं तर.

नाट्याची मुलगी दुसरीकडं दिली गेली. काका सण संपायच्या आत मुंबईला गेला. वाघळं पाऊस जरा ओसरल्यावर परत आली. किती उरली होती देव जाणे, पण आढ्याला चिकचिक सुरू झाली. काका गणपतीला आला तेव्हा त्यानं ती ऐकली, शिडी लावली, छपरावर चढला. आम्ही खाली श्वास धरून. त्यानं पूर्वेच्या कोपऱ्यातलं दाबून बसवलेलं कौल हातानं परत जरासं उचलून ठेवलं आणि खाली उतरला.

गौरीच्या जेवणाला काकीनं मुद्दाम केलं की चुकून झालं मला ठाऊक नाही, पण भात चिकट झाला. काकानं पहिला घास घेतला. ताटावरून उठला. चुलीपाशी गेला आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला. आई फुंकर घालायची थांबली. बाबा गोठ्याकडं निघालेले दारातच उभे राहिले. वर माळ्यावर काहीतरी चिकचिकलं. तो हात तसाच हवेत राहिला, बराच वेळ, आता त्याचं काय करायचं हे काकाला सुचत नसल्यासारखा. शेवटी त्यानं तो हात स्वतःच्या डोक्यावर नेला आणि डोकं खाजवलं.

काकीनं वर बघितलंसुद्धा नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "मुंबईला उवा लय झाल्यात वाटतं."

बाबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.